मोटारीला ‘बास’ कोण म्हणणार?

(नभोवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



घरातल्या यंत्रांविषयी बोलायला एका कवीला का बोलावलं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला होता. मी बी. ए. झालेला माणूस, तोही मराठी विषय घेऊन. विजेचं शास्त्र काही मी शिकलेलो नाही. पण गेली तीसेक वर्षं अंगणातला हौद आणि गच्चीवरची टाकी यांच्यामधे संसार चालला आहे. आमच्या मोहल्ल्यात मोटारी दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी कविता कमी आणि मोटारी जास्त ऐकल्या. त्या ऐकण्यातून जे समजलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

विषय साधा आहे: पाण्याचा पंप बंदच होत नाही, तेव्हा काय करायचं? पंप म्हटलं, पण आपण घरात कुणी पंप म्हणत नाही, मोटारच म्हणतो. ‘मोटार लावली का?’, ‘मोटार बंद कर रे’, ‘अहो, टाकी वाहतेय, मोटार!’ ही वाक्यं आपल्याकडच्या प्रत्येक गल्लीत रोज ऐकू येतात. रमजानात सहरीच्या वेळी ऐकू येतात आणि दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या पहाटेही येतात. म्हणून आपणही मोटारच म्हणू.

मोटार थांबत नाही, याचं आपल्याला एवढं नवल का वाटतं? कारण पाणी उपसणारं साधन आपोआप थांबतं, अशी आपली जुनी सवय आहे. मोट आठवा. विहिरीवर मोट हाकणारा असायचा आणि वाफ्यांपाशी दारे धरणारा. शेवटचा वाफा भरला की दारे धरणारा हाळी द्यायचा आणि मोटकरी बैल थांबवायचा. दोघांमधे अंतर होतं ते फक्त आवाजाचं. मग हापसा आला. खेडोपाडी दिसणारा ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप १९७० च्या दशकात तयार झाला, आणि त्याच्या आधीच्या पिढ्या आपल्या जालन्यात आणि सोलापुरात घडल्या होत्या, हे पुष्कळांना माहीत नसतं. पुढे हा हापसा देशोदेशी गेला. त्याची एक खुबी अशी की हात थांबला की पाणी थांबतं. घागर भरली हे डोळ्यांना दिसतं आणि तेच डोळे हाताला सांगतात.

विजेची मोटार आली आणि हा हात मधून निघून गेला. मोटार खाली, टाकी वर गच्चीवर. मोटारीला टाकी दिसत नाही. तिला पाणी आहे की नाही हेही कळत नाही. वीज मिळाली की फिरायचं आणि वीज तुटली की थांबायचं, एवढंच तिला येतं. टाकी भरली हा निरोप वरून खाली कुणीतरी आणावा लागतो. तो माणूस आणतो, नाहीतर फ्लोट, सेन्सर, प्रेशर स्विच असली एखादी वस्तू आणते. चाचा म्हणायचे, “मोटार का कुछ नहीं, उसको बोलनेवाला चुप है.” मोटारीला काही झालेलं नाही, तिला सांगणारा गप्प बसलाय. न थांबणाऱ्या मोटारीच्या दुखण्याचं हे सार आहे. मोटार बदलायच्या आधी निरोप कुठे अडकला ते शोधायचं.

आता शोधायचं कसं? लोक मिस्त्रीला फोन करून एकच वाक्य सांगतात, ‘मोटार बंद होत नाही.’ पण त्या एका वाक्यात चार निरनिराळ्या तक्रारी असतात. एक, टाकी भरून वाहतेय तरी मोटार चालूच. दोन, बटण बंद केलं तरी चालूच. तीन, मोटार तासन्‌तास चालू आहे, पण टाकी भरतच नाही. आणि चार, घरातला एकही नळ उघडा नाही, तरी प्रेशर पंप घुमतोच आहे. ताप एकच दिसला तरी रोग वेगळे असतात, तसंच हे. आपली तक्रार यातली कोणती, हे आधी ठरवलं की अर्धं काम झालं.

त्याही आधी एक गोष्ट. वीज आणि पाणी एकत्र आहेत, हे क्षणभरही विसरू नका. टाकीत हात घालायचा असेल, मोटारीला हात लावायचा असेल, तर नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच किंवा त्या मोटारीचा एमसीबी पाडा आणि मगच पुढे व्हा. याला कारण आहे. काही घरांत वायरिंग करताना बटण फेजच्या तारेवर बसवण्याऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसलेलं असतं. असं बटण बंद केलं की मोटार थांबते, पण मोटारीपर्यंत वीज तशीच आलेली असते. ओल्या पायांनी तिला हात लावणाऱ्याला हे ठाऊक नसतं. मोटारीला चांगलं अर्थिंग हवं, आणि घरात तीस मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी हवा. एमसीबी तार वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. दोन्ही दिसायला सारखे असतात, म्हणून एक असला की दुसरा आहेच असं धरू नका.

आता पहिली तक्रार. टाकी वाहतेय तरी मोटार चालू.

टाकीत फ्लोट असेल तर तो बहुधा दुधी भोपळ्याच्या आकाराचा, वायरला लटकणारा असतो. त्याच्या पोटात एक छोटा स्विच असतो. पाणी चढलं की तो तरंगतो, आडवा होतो, पुढे तोंड वर करतो आणि आतला स्विच तुटतो. टाकी भरल्याची हाळी म्हणजे ती. ही हाळी अडकण्याची कारणं अगदी घरगुती असतात. फ्लोट टाकीतल्या पाइपाला किंवा दुसऱ्या वायरला गुंडाळला जातो. टाकी धुताना कुणीतरी त्याला वर काढतं आणि परत सोडताना तो कोपऱ्यात दाबून बसतो. वायरवरचं वजन सरकतं, मग फ्लोट जिथे वळायला हवा तिथे वळत नाही. किंवा त्याला चीर जाते, पोटात पाणी शिरतं आणि तो तरंगण्याऐवजी बुडून राहतो. काढून कानाशी हलवला तर आत पाणी खुळखुळताना ऐकू येतं. असा फ्लोट सरळ बदलावा. चिकटवून तो टिकत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. एक माणूस खाली मेन स्विचपाशी उभा करा. वरच्या माणसाने कोरड्या लाकडी काठीने फ्लोट पाण्याबाहेर उचलून उलटा करावा. हात पाण्यात घालायचा नाही. फ्लोट उलटा होताच मोटार थांबली, तर स्विच आणि वायरिंग ठीक आहे. फ्लोट कुठेतरी अडकत होता, एवढंच. थांबली नाही, तर दोष फ्लोटच्या आतल्या स्विचमधे, वायरिंगमधे किंवा खाली आहे, तिथे पुढे जाऊ. अर्धा मिनिट लागतो, पण या अर्ध्या मिनिटानं निम्मी कारणं बाद होतात.

नवा फ्लोट बसवल्यावर उलटंच घडायला लागलं, म्हणजे टाकी भरली की मोटार चालू आणि रिकामी झाली की बंद, तर घाबरू नका. पुष्कळ फ्लोटना तीन तारा असतात. एक सामाईक, एक भरण्याच्या कामाची, एक उपसण्याच्या कामाची. जोडताना चुकीची तार घेतली की असं होतं. वायरमन दोन मिनिटांत तार बदलून देतो.

फ्लोटऐवजी सेन्सरवाला कंट्रोलर असेल तर टाकीत दोन-तीन धातूचे दांडे किंवा तारांची टोकं सोडलेली असतात. पाणी दोन टोकांना जोडतं, बारीकसा प्रवाह वाहतो आणि यंत्राला कळतं की पाणी इथवर आलं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर बसतो, तसाच या टोकांना बसतो. मग पाणी टोकाला लागलं तरी यंत्राला ते जाणवत नाही. त्याच्या लेखी टाकी रिकामीच. मेन बंद करून ही टोकं बाहेर काढा, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात थोडा वेळ ठेवा, घासून पुसा. जड पाण्याच्या गावात दर दोन-तीन महिन्यांनी हे करावं लागतं.

वरच्या सेन्सरची तार तुटली तरी हेच होतं. उन्हानं वायर तडकते, माकडं ओढतात, उंदीर कुरतडतात. तार तुटली की निरोप येत नाही, आणि निरोप आला नाही याचा अर्थ यंत्र ‘अजून भरली नाही’ असाच लावतं. निरोप्या वाटेत पडला हे त्याला कळायचा मार्ग नाही.

आणि एक कारण असं, की ज्यात सगळे भाग निरोगी असूनही मोटार थांबत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरी फ्लोट बदलून झाला, कंट्रोलर बदलून झाला, तरी टाकी रोज वाहायची. घरातल्या खालाजान कंटाळून गेल्या होत्या. चाचांनी गच्चीवर जाऊन कशालाही हात लावला नाही. नुसते टाकीकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, “पाणी चढणार तरी कुठवर?” ओव्हरफ्लोच्या पाइपाचं तोंड फ्लोटच्या बंद होण्याच्या पातळीपेक्षा चार बोटं खाली होतं. पाणी तिथवर चढायचं आणि पाइपातून बाहेर जायचं. फ्लोट बिचारा वर वाट पाहत होता. त्याच्यापर्यंत पाणी कधी पोचतच नव्हतं. त्यांनी फ्लोटची वायर एक वीतभर खाली सोडली. मोटार थांबली. एक पैशाचं सामान लागलं नाही. तेव्हा टाकी वाहत असेल तर आधी झाकण उघडून पाहा: बंद होण्याची खूण ओव्हरफ्लोच्या खाली आहे ना?

दुसरी तक्रार गंभीर. कंट्रोलरवर ‘टाकी भरली’चा दिवा लागला आहे, किंवा तुम्ही स्वतः बटण बंद केलं आहे, तरी मोटार फिरतेच आहे. म्हणजे निरोप पोचला, पण पाळला जात नाही.

कंट्रोलरमधे रिले असतो, स्टार्टरमधे कॉन्टॅक्टर असतो. दोघांच्याही पोटात धातूच्या टिकल्या असतात. त्या एकमेकींना चिकटल्या की वीज वाहते, सुटल्या की थांबते. चालू होतानाच्या क्षणी मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्या क्षणी टिकल्यांमधे ठिणगी पडते. टिकल्या लहान असतील, मोटार मोठी असेल, किंवा व्होल्टेज कमी असल्यानं कॉन्टॅक्टर थरथरत असेल, तर एखाद्या दिवशी त्या वेल्डिंग केल्यासारख्या जुळून जातात. मग कितीही सांगा, त्या सुटत नाहीत.

असं दिसलं की मेन पाडा आणि वायरमनला बोलवा. पुष्कळ ठिकाणी मी स्टार्टरच्या पेटीवर काठीने ठोकताना पाहिलं आहे. ठोकल्यावर टिकल्या कधीकधी सुटतात, आणि त्याच समाधानावर लोक महिनाभर काढतात. पण खडबडीत झालेल्या टिकल्या पुन्हा चिकटणारच, आणि त्या वेळी घरात कुणी असेलच असं नाही. कॉन्टॅक्टर बदलणं हाच उपाय आहे.

नवा फ्लोट घेताना त्यावरचा आकडाही वाचा. मोठा आकडा लिहिलेला असतो आणि त्याच्या शेजारी कंसात दुसरा, लहान आकडा असतो. कंसातला आकडा मोटारीसारख्या भारासाठी असतो, आपल्या कामाचा तो. मोटार त्याहून जास्त करंट घेत असेल, तर फ्लोटने थेट मोटार चालवू नये. फ्लोटने कॉन्टॅक्टरला सांगावं आणि कॉन्टॅक्टरने मोटारीला. हलक्या माणसावर जड ओझं दिलं की तो वाकतो, तसं होऊ देऊ नका.

आणि बटण बंद असूनही मोटार हळू फिरत असेल, घुमत असेल, तर तिला, तिच्या पाइपाला, शेजारच्या ओल्या लोखंडाला, कशालाच हात लावू नका. बटण न्यूट्रलवर आहे आणि मोटारीच्या आत वीज अंगाला उतरते आहे, असं असू शकतं. हे जिवावरचं दुखणं आहे. मेन पाडायचा, मुलांना लांब ठेवायचं आणि जाणत्या वायरमनशिवाय पुन्हा चालू करायचं नाही.

तिसरी तक्रार उन्हाळ्यात जास्त ऐकू येते. मोटार दोन-दोन तास चालू आहे, पण टाकी भरत नाही, म्हणून ऑटोमॅटिक असूनही थांबत नाही. इथे निरोप्याचा दोष नाही. पाणीच वर पोचत नाही, तर तो निरोप कशाचा देणार?

गच्चीवर जाऊन टाकीत पडणारी धार पाहा. धार नेहमीसारखी असेल आणि टाकी भरत नसेल, तर पाणी टाकीतून बाहेर जातंय: खाली एखादा नळ उघडा आहे, संडासाचा फ्लश गळतो आहे किंवा टाकीच्या जोडातून पाणी झिरपतंय. धार बारीक असेल किंवा नसेलच, तर खाली या. हौदात पाणी आहे का ते पाहा. आहे, आणि मोटार नुसतीच गरगरते आहे, तर हौदात सोडलेल्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह गळत असेल. त्यात कचरा अडकला की पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि मोटार हवा धरते. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या एखाद्या जोडातून हवा शिरत असली तरी हेच. फूटव्हॉल्व्ह साफ करून मोटारीत पाणी भरलं की ती पुन्हा उचलते. रोज पाणी भरावं लागत असेल तर मात्र फूटव्हॉल्व्ह बदला.

बोअरची मोटार असेल तर पाणी खाली गेलं असेल, किंवा आतल्या पाइपाचा जोड सुटून उपसलेलं पाणी परत बोअरमधेच पडत असेल. इथे वेळ फार महत्त्वाचा. पाणी हेच मोटारीच्या सीलचं वंगण आणि तेच तिचा गारवा. बोअरमधली मोटार तर सभोवतालच्या पाण्यानंच थंड राहते. कोरडी चालली की आधी सील जातं, मग वाइंडिंग. जळक्या वार्निशचा वास आला तर समजायचं की उशीर झाला. म्हणून ऑटोमॅटिक यंत्रणा बसवताना टाकी भरली हे सांगणारा निरोप्या जसा वर हवा, तसा पाणी संपलं हे सांगणारा खालीही हवा. हौदात दुसरा फ्लोट आणि बोअरला ड्राय रन संरक्षण, या दोन गोष्टी मोटारीच्या किमतीच्या मानानं स्वस्त आहेत.

एक फसवं लक्षण सांगतो. काही मोटारींच्या आत उष्णतेनं तुटणारा स्विच असतो. मोटार तापली की ती आपोआप थांबते आणि गार झाली की पुन्हा सुरू होते. घरच्यांना वाटतं, बरं झालं, ऑटोमॅटिक चालू झालं. ती झोप नसते, ती तापाची ग्लानी असते. टाकी अर्धी असताना मोटार थांबली, तर तिच्या थांबण्यावर विश्वास ठेवू नका.

चौथी तक्रार प्रेशर पंपाची. बंगल्यांत आणि वरच्या मजल्यांवर हे पंप आता घरोघरी दिसतात. नळ उघडला की चालू, बंद केला की थोड्या वेळात बंद. हे काम प्रेशर स्विच करतो. पाइपातला दाब साधारण दीड किलोला आला की चालू आणि अडीच-तीन किलोला गेला की बंद, अशी त्याची मांडणी असते. तो बंद होत नसेल तर कारणं तीनच: पाणी कुठेतरी जातंय, दाब तिथवर चढत नाही, किंवा चढला तरी स्विचला कळत नाही.

यासाठी एक सुंदर परीक्षा आहे. पंप, प्रेशर स्विच आणि दाबाचं मीटर यांच्या पुढे, घराकडे जाणाऱ्या पाइपावर जो वॉल्व्ह असतो, तो बंद करा आणि मीटरकडे पाहा. पंप क्षणात थांबला, तर पंपही ठीक आणि स्विचही ठीक. घरात गळती आहे. थांबला नाही आणि काटा बंद होण्याच्या आकड्याच्या वर गेला, तर स्विच बिघडला आहे; बहुधा त्याच्याकडे जाणारी बारीक नळी गाळानं बुजलेली असते. काटा मधेच अडकून राहिला, तर पंपच दाब देत नाही: हवा धरली असेल, आतला पंखा झिजला असेल, व्होल्टेज कमी असेल, किंवा स्विचचा आकडा कुणीतरी पंपाच्या ताकदीपेक्षा वर नेऊन ठेवला असेल. मात्र वॉल्व्ह बंद ठेवून पंप मिनिटभराहून जास्त चालवू नका. आतलं पाणी तापतं.

घरात गळती निघाली तर सर्वांत आधी संडासाच्या फ्लशवर संशय घ्या. ही गळती आवाज करत नाही, दिसत नाही. फ्लशच्या टाकीत निळ्या शाईचे चार-सहा थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं कुणी पाणी सोडू नका. खाली भांड्यात निळा रंग उतरला, तर चोर सापडला. माझ्या शाईचा इतका थेट आणि खात्रीचा परिणाम मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही.

पंप थांबतो, पण दर अर्ध्या मिनिटानं चालू-बंद होत राहतो, ही निराळी तक्रार. तिथे छोट्या प्रेशर टाकीतली हवा गेलेली असते किंवा पाणी मागे जाऊ न देणारा वॉल्व्ह गळत असतो. मिस्त्रीला हे वेगळं सांगा.

आणि मिस्त्रीला सांगताना ‘मोटार बंद होत नाही’ एवढंच सांगू नका. टाकी वाहते का, बटणानं थांबते का, मेन पाडल्यावरच थांबते का, धार कशी आहे, दिवा कोणता लागला आहे, या पाच गोष्टी फोनवरच सांगा. तो नेमकं सामान घेऊन येईल. तुमची एक फेरी वाचेल, त्याचीही वाचेल, आणि जी वस्तू बिघडलीच नाही ती बदलली जाणार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? टाकी पाच-दहा मिनिटं वाहिली तर काय बिघडलं? हिशेब करू. एक अश्वशक्तीची मोटार तासाला साधारण एक युनिट वीज घेते. ते बिल आपण भरतो, म्हणून लक्षात येतं. पाण्याचं लक्षात येत नाही. ताशी दोन हजार लिटर चढवणारी मोटार रोज वीस मिनिटं जास्त चालली, तर साडेसहाशे लिटरहून जास्त पाणी गच्चीवरून गटारात जातं. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झालं, तेव्हा खेड्यातल्या माणसाला रोज ५५ लिटर पाणी नळानं द्यायचं असं ठरलं. म्हणजे आपल्या अडकलेल्या फ्लोटनं रोज बारा माणसांचं पाणी सांडलं.

एप्रिल २०१६ मधे लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. ती गाडी पाहायला स्टेशनवर माणसं जमली होती. त्या साडेसहाशे लिटरच्या हिशेबानं पाहिलं, तर एका वाघिणीतलं पाणी एका घरची टाकी अडीच महिन्यांत वाहून घालवते. मिरजेहून आलं तेव्हा ते पाणी बातमी झालं. गच्चीवरून पडतं तेव्हा त्याची बातमी होत नाही, एवढाच फरक.

वुजू करताना समोर नदी वाहत असली तरी पाणी जपून घ्या, ही शिकवण माझ्या घरात लहानपणापासून होती. तुमच्याही घरात ती निराळ्या शब्दांत असेल. पण शिकवणीला हात लागतो. तीन-तीन, चार-चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावांत रात्री-अपरात्री उठून मोटार लावणारी आणि टाकीच्या आवाजाकडे कान लावून बसणारी बहुधा घरातली बाई असते. यंत्र बिघडलं की तिची झोप जाते. मोटारीचा फ्लोट नीट असणं हा तिच्या झोपेचाही प्रश्न आहे.

आणि काही मोटारी बिघाडामुळे नव्हे, माणसामुळे थांबत नाहीत. नगरपालिकेच्या नळाला थेट मोटार लावून पाणी ओढणं बहुतेक गावांत नियमाबाहेरचं आहे. त्यानं पुढच्या घरांचा दाब जातो, त्यांच्या नळाला नुसती हवा येते. शिवाय पाइपात ओढ निर्माण झाली की फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरतं, आणि ते ओढणाऱ्याच्याही हौदात येतं. यावर फ्लोट नाही, सेन्सर नाही. नळाचं पाणी आधी आपोआप हौदात पडू द्यावं आणि मोटार हौदाला लावावी, हाच त्यावर मार्ग आहे.

जाता जाता एक छोटी सवय सुचवतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी टाकी भरत आली की गच्चीवर जा. झाकण उघडा. पाणी चढताना, फ्लोट वळताना आणि मोटार थांबताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. ओव्हरफ्लोचा पाइप पाहा, वायर पाहा, झाकण घट्ट लावून खाली या. आणि घरातल्या प्रत्येकाला, अगदी दहा-बारा वर्षांच्या पोरालाही, मोटारीचा मेन स्विच कुठे आहे आणि तो कोरड्या हातानं कसा पाडायचा, हे दाखवून ठेवा. कधीतरी एखादा निरोप अडकेलच. त्या दिवशी घरात जो असेल, त्याला ‘बास’ म्हणता आलं पाहिजे.